जमिनीवरून उठता येतंय का? नव्वदीची तयारी साठीपासून

वाशीच्या जुन्या सिडको वसाहतीत माझी आत्या दुसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. तिला ९३ वर्षं पूर्ण झाली. परवा गेले तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती मेथी निवडत बसली होती. चहा ठेवायला उठली तेव्हा मी मुद्दाम बघत राहिले. डावा तळवा जमिनीवर टेकवला, उजवा गुडघा वर घेतला, क्षणभर थांबली आणि उभी राहिली. कुणाचा हात धरला नाही.

माझे बाबा तिचे सख्खे धाकटे भाऊ. ७९ व्या वर्षी, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी, पहाटे साडेचारला बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ते स्वतःच्या पायांनी जिना उतरले नाहीत. सात महिन्यांत गेले. ओल्या फरशीवर टाकलेलं ते पायपुसणं मीच आणलं होतं.

त्यानंतर मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले आणि आईसाठी घरात बदल करत गेले. आता माझीही साठी जवळ आली आहे. जे करण्यासारखं आहे ते ज्या क्रमाने करावं असं मला वाटतं, त्याच क्रमाने इथे मांडते.

आधी, कशावर विश्वास ठेवायचा

कागदोपत्री पडताळलेलं सर्वांत मोठं आयुष्य फ्रान्सच्या जान काल्माँ यांचं, १२२ वर्षं. १८७५ साली जन्मलेल्या या बाई १९९७ साली गेल्या आणि म्हातारपणापर्यंत सिगारेट ओढत होत्या. त्यांचं उदाहरण देत तंबाखूचं समर्थन करणारे आमच्या ओळखीत दोघं-तिघं तरी आहेत. लाखात एखाद्याला जे सोसतं ते आपल्याला सोसेल असं धरून चालणं फार महागात पडतं.

आनुवंशिकतेचा भाग आहेच. १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या डॅनिश जुळ्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुष्याच्या लांबीत जो फरक पडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा रक्तातून येतो असं त्यात दिसलं. शंभरी ओलांडणाऱ्यांच्या बाबतीत हा वाटा जास्त असावा. पण ऐंशी-नव्वदीपर्यंत चालतं-फिरतं पोचणं बऱ्याच अंशी रोजच्या जगण्यावर आणि वेळेवर झालेल्या उपचारांवर ठरतं.

जपानमधल्या ओकिनावाच्या शतायुषींच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. त्यातली एक सवय मला पटते: पोट ८० टक्के भरलं की थांबायचं. आपल्याकडेही ‘दोन घास कमीच खावे’ म्हणतातच. मात्र कुठल्याही गावाच्या शतायुषींच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये. २०१० साली जपानमध्ये तपासणी झाली, तेव्हा नोंदवहीत जिवंत असलेल्या २ लाख ३० हजारांहून अधिक शतायुषींचा ठावठिकाणाच लागला नाही. तेव्हा ‘अमुक गावचं गुपित’ म्हणून पावडरी आणि काढे विकणाऱ्यांपासून लांब राहा.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं घ्यावं. जन्म १८५८, भारतरत्न १९५८, निधन १९६२, म्हणजे १०४ वर्षं. पुण्यात शिकवण्याचं काम आटोपून ते हिंगण्याच्या आश्रमात रोज पायी जात. त्याला तेव्हा कुणी व्यायाम म्हटलं नसेल, पण चालणं दिवसाच्या कामातच मुरलेलं होतं.

या आठवड्यात: रक्तदाब घरी मोजा

सगळ्यात आधी हे, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणं आणि स्मृतिभ्रंश या सगळ्यांत त्याचा हात असतो. दवाखान्यात घाईने जिना चढून जाऊन घेतलेल्या एका मोजणीवर भागवू नका. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन आणा, मनगटावरचं नको.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको, टीव्हीवरच्या बातम्या नकोत. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस करून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी आणखी एक मोजणी आहे आणि ती फार थोड्या घरांत होते. बसून मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त खाली आला तर डॉक्टरांना सांगा. पहाटे अंथरुणातून उठताच चक्कर येऊन पडणाऱ्यांत हे बरेचदा सापडतं. झोपेच्या, प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा आणि यातली कुठली कमी करता येईल ते विचारा. बाबांच्या बाबतीत आम्ही हे विचारलं नव्हतं. गोळी आपल्या मनाने मात्र कधीही बंद करायची नाही.

त्याच फेरीत तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि बी-१२ जीवनसत्त्व या तपासण्या करून घ्या. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघण्याचा संभव जास्त. ऐंशीच्या माणसाची साखर चाळिशीच्या माणसाइतकी कडक ठेवायचा हट्ट घरच्यांनी धरू नये. साखर एकदम उतरली तर तेही पडण्याचं कारण होतं.

तंबाखू, आणि मशेरीसुद्धा

इथे जास्त लिहीत नाही, कारण यात दुमत नाही. ब्रिटिश डॉक्टरांवरचा पन्नास वर्षांचा अभ्यास २००४ साली पूर्ण झाला. सिगारेट ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला सोडणाऱ्यांना नऊ. म्हणजे साठीलाही उशीर झालेला नसतो. आपल्याकडे बायका मशेरीला व्यसनात धरत नाहीत, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

या महिन्यात: बाथरूम

खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात जातो आणि उरलेल्यांतले कितीतरी पूर्वीसारखे चालत नाहीत. म्हणून घरातला पहिला खर्च मी इथे करायला सांगेन.

आमच्या नौपाड्याच्या घरात काय केलं ते सांगते. कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ स्टीलचे जाड दांडे लावले. टॉवेलची दांडी आधाराला धरू नये, माणसाच्या वजनाने ती भिंतीतून उपटून येते. दांडा पक्क्या भिंतीत, लांब स्क्रूने बसवून घ्या आणि प्लंबर जायच्या आत स्वतः लोंबकळून बघा. गुळगुळीत फरशी काढून खडबडीत बसवली. खर्च झेपत नसेल तर खाली रबरी कप असलेली चटई घाला, आणि ती आठवड्यातून दोनदा उचलून घासा, कारण खाली साबणाचा थर साचतो आणि मग तीच घसरते. अंघोळीला प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, रुंद पायांचं जड स्टूल घ्या. भरलेली बादली उचलायची नाही. नळाखालीच ठेवून मगाने पाणी घ्यायचं.

कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. बाबा आत पडले तेव्हा कडी आतून लावलेली होती आणि दार आत उघडणारं, त्यामागे ते स्वतःच आडवे. शेजारचा मुलगा आणि वॉचमन यांनी दार काढेपर्यंत वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं ते आतून मलाच धीर देत होते.

पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. त्या वाटेवरचं पायपुसणं, गालिच्याची दुमडलेली कड, चार्जरची वायर काढून टाका. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. गुळगुळीत झालेली रबरी स्लीपर आजच फेकून द्या. पावसाळ्यात इमारतीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. सोसायटीच्या सभेत ते घासून घेण्याचा आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावण्याचा विषय मांडा. नवी मुंबईतल्या विनालिफ्टच्या तीन-चार मजली इमारतींत हे मांडलंच पाहिजे.

पाय आणि मांड्या: इथे सगळ्यात जास्त मेहनत

लंडनमध्ये जेरी मॉरिस या संशोधकांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. पगार आणि राहणीमान जवळपास सारखं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दुमजली बसचा जिना दिवसाला शेकडो पायऱ्या चढ-उतार करणारे. हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी निघाला. आत्याच्या जिन्याचा विचार करताना मला हे नेहमी आठवतं. आम्ही तिला लिफ्टच्या घरात न्यायला निघालो होतो. तिनेच नको म्हटलं, आणि आता वाटतं बरं झालं. अर्थात गुडघे पार गेलेल्यांना किंवा दम लागणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांना घर बदलणंच सोयीचं.

स्वतःची पारख घरीच करा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा जमतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि बायकांना १२ पेक्षा कमी झालं तर पायांत ताकद कमी आहे असं समजा. ७० ते ७४ ला हेच आकडे १२ आणि १०. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझे ११ झाले, त्याही धापा टाकत. रोज सकाळी पाच-पाचचे तीन फेरे सुरू केले, दर आठवड्याला एक वाढवत गेले. चार महिन्यांत १५ वर आले.

दुसरी पारख जमिनीवर बसून उठण्याची. ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांना ती करायला लावली आणि निष्कर्ष २०१२ साली मांडले. बसायला पाच, उठायला पाच गुण. हात, गुडघा जे टेकवाल त्याचा एक-एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. फार कमी गुण मिळालेल्यांत पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कितीतरी जास्त होते. आजारी माणसालाही कमी गुण पडतात हे खरं, म्हणून आकड्याने घाबरून जायचं नाही. आत्याचासुद्धा तळव्याचा गुण कापला जाईल. पण आपण जेवायला, पूजेला, भाजी निवडायला जमिनीवर बसायचो ते डायनिंग टेबल आलं तसं सोडलं, आणि त्याबरोबर रोजची उठबस गेली. ती दिवसातून दोनदा तरी परत आणा. सुरुवातीला पलंगाशेजारी जाड चटई घाला आणि पलंगाच्या कडेवर कोपर टेकवून उठा. सांधा बदललेल्यांनी आणि हाडं ठिसूळ असलेल्यांनी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं.

तोलासाठी ओट्याला एक हात लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या. दूध तापेपर्यंत होतं.

चालण्याबद्दल दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवरच्या २०१९ च्या अमेरिकन अभ्यासात, दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यू बरेच कमी होते, आणि ७५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. ठाण्यात कचराळी तलावाभोवतीचा रस्ता सकाळी सहाला मला सर्वांत बरा वाटतो. तलावपाळीला गर्दी व्हायच्या आत जावं. उपवनची हवा छान आहे, पण गाडी काढून चालायला जाण्याने नियम टिकत नाही. वाशीकरांना सागर विहार आहेच. घराजवळची वाट निवडा, पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील तर रस्ता बदला. एप्रिल-मेच्या घामाघूम दिवसांत नऊच्या आत घरी या. भर पावसात इमारतीच्या लांब पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या तरी पावलं मोजली जातातच.

ताट

पोहे, उपमा, साबुदाणा, दुपारी भात-आमटी, रात्री मऊ भात. म्हाताऱ्या माणसांच्या ताटात मऊ आणि गोड वाढत जातं आणि प्रथिनं कमी होत जातात. स्नायू टिकवायला वयस्कांना किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास. हिशेब करून बघा, बहुतेक घरांत तो निम्म्यावर थांबतो. सकाळच्या पोह्यांवर मोड आलेली मटकी वाफवून घाला, भाताच्या आधी उसळ वाढा, दात नसतील तर मुगाचं धिरडं किंवा दह्यातलं अंडं द्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, फरसाण, सुके बोंबील यांत ते कधी संपतं कळत नाही.

पंचाहत्तरीनंतर वजन आपोआप उतरायला लागलं तर कौतुक करू नका. सहा महिने ते वर्षभरात ६० चे ५७ झाले, तेही प्रयत्न न करता, तर तपासणी करून घ्या. आणि त्या वयात एकादशी, चतुर्थी, सोमवार असे उपास एकामागून एक होऊ देऊ नयेत. आईला हे मी पटवू शकले नव्हते. मग फराळात साबुदाण्याऐवजी दाण्याची आमटी, वरी आणि दूध करायला लागले, तेव्हा तिचं मनही राहिलं.

कान, डोळे, लशी

स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या १४ कारणांची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली दिली. त्यात कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं दोन्ही आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, फोनवर सारखं ‘काय?’ होऊ लागलं की कानाची तपासणी करा. ऐकू न येणारा माणूस चारचौघांत जायचं टाळतो आणि घरचे समजतात की तो विसराळू झाला. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज आता राहिलेली नाही. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची आणि नागिणीची कधी घ्यायची ते डॉक्टरांशी ठरवा.

सत्तर वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. आधार कार्ड लागतं. हे कार्ड आजारी पडायच्या आधी काढून ठेवा.

शेवटचं, आणि रोजचं: कुणीतरी आपली वाट बघणारं असणं

हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास अजून चालू आहे. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीला जास्त धडधाकट होते, असं त्यात दिसलं. ओकिनावात लहानपणापासून जमलेले पाच-सहा जणांचे गट आयुष्यभर एकमेकांना धरून राहतात. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, हास्य क्लब, बागेतला कट्टा आहे. फक्त नाव नोंदवून भागत नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि आपण आलो नाही तर फोन करणारं कुणीतरी, एवढं तरी असावं. लाजाळू माणसाला काहीतरी काम द्या: वर्गणी जमा करणं, सतरंजी आणणं, पेटी वाजवणं. काम असलं की जावंच लागतं.

आत्या एकटी राहते. समोरच्या दारातल्या काकूंशी तिचं ठरलेलं आहे. सकाळी सातपर्यंत आत्याच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी आत गेली नाही, तर काकूंनी बेल वाजवायची. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडायचं. आतल्या बाजूला, दाराच्या मागे, मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय: गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा फोन, माझा फोन, अँब्युलन्ससाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. गेल्या पावसाळ्यात एकदा पिशवी सव्वासातपर्यंत तशीच होती. काकूंनी दार उघडलं. आत्या तापाने फणफणून पडली होती, पण दुपारच्या आत औषध सुरू झालं होतं.